मनी प्लँट रुजत नाही? फांदी कापण्यापासून कुंडीत जीव धरेपर्यंत, क्रमाने

‘मनी प्लँट काय, कुठेही खोचला की लागतो’ असं म्हणणाऱ्या कितीतरी घरांत खिडकीतल्या बाटलीत एक पिवळट पान महिनोन्महिने तरंगत असतं. झाड चिवट आहे यात वाद नाही. पण ते खोडावरच्या एका ठरावीक जागेतूनच वाढतं. ती जागा फांदीवर नसेल तर कितीही पाणी बदला, नवा कोंब येत नाही. दुसरी चूक मुळं फुटल्यानंतरची. मुळं दिसली की कौतुक होतं, फांदी सहा-आठ महिने बाटलीतच राहते, मग एक दिवस मातीत जाते आणि पंधरवड्यात मान टाकते. या दोन ठिकाणी आपण जास्त वेळ थांबू. खत आणि किडीचं नंतर, थोडक्यात.

चोरून आणलेला मनी प्लँटच लाभतो, अशीही एक समजूत आहे. लाभाचं सोडा, पण चोरताना घाईत हाताला येईल ते ओरबाडलं जातं, म्हणजे बहुतेक वेळा देठासकट पान. नेमकं तेच बिनकामाचं. त्यापेक्षा सरळ मागा आणि कात्रीने कापून घ्या.

## तयारी: कात्री हातात घेण्याआधी

हंगाम बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा सगळ्यात सोपा काळ. हवा दमट असते, ऊन सौम्य असतं, फांदी सुकत नाही. फेब्रुवारी-मार्चही चालतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, नागपूरकडे रात्रीचा पारा घसरतो तेव्हा फांदी मरत नाही, नुसती थबकते. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत होणारं काम तेव्हा दीड-दोन महिने खातं, आणि लोक कंटाळून चांगली फांदी फेकून देतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात या फंदात पडू नका. कोरड्या गरम वाऱ्यात मुळं येण्याआधीच पानं वाळतात.

आईवेल निवडा. पानं टवटवीत हवीत, कीड नको. पिवळ्या-पांढऱ्या नक्षीची जात असेल तर ज्या भागात नक्षी ठळक आहे तिथलीच फांदी घ्या, कारण नवा कोंब बहुधा त्याच भागाचं रूप घेऊन येतो. निव्वळ हिरव्या पडलेल्या टोकाची फांदी लावून नक्षीदार वेलाची वाट बघण्यात अर्थ नाही. कापण्याच्या आदल्या दिवशी आईवेलीला पाणी द्या. तहानलेल्या वेलीची फांदी आधीच मलूल असते.

सामान मांडून ठेवा. धारदार कात्री किंवा ब्लेड, ते पुसायला सर्जिकल स्पिरिट, अरुंद तोंडाची बाटली आणि तळाला भोक असलेली चार-पाच इंची कुंडी. मातीचं मिश्रण आधीच करून ठेवा:

- १ भाग बागेची माती
- १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), भिजवून, एकदा धुऊन पिळलेलं (विटेच्या आकारात मिळणाऱ्या कोकोपीटात कधीकधी क्षार बरेच असतात)
- अर्धा भाग गांडूळखत
- अर्धा भाग जाड वाळू किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे)

माती शेतातली काळी असेल तर तिचं प्रमाण निम्मं करा आणि वाळू वाढवा. काळी माती एकटी कुंडीत भरली की ओली असताना चिखल होतो आणि सुकल्यावर भेगा पडतात. मनी प्लँटला दोन्ही सोसत नाही.

तपासा: मिश्रण किंचित ओलं करून मूठ आवळा. गोळा झाला पाहिजे, आणि बोटाने ढकलताच फुटलाही पाहिजे. फुटत नसेल तर अजून वाळू किंवा कोकोपीट घाला.

## टप्पा १: पेर ओळखा

वेल हातात घेऊन उलटी करा. पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो तिथे खोड थोडं फुगलेलं असतं आणि त्याभोवती एक बारीक कडं दिसतं. हे पेर. त्याच्यापाशी, बहुधा देठाच्या विरुद्ध अंगाला, एक तपकिरी, टणक, मिरीच्या दाण्याहून लहान टोक उठलेलं असतं. जुन्या वेलीवर तेच लांबून आखूड दोरीसारखं लोंबतं. ते हवाई मूळ. पाणी किंवा ओल मिळाली की मूळ इथूनच धावतं. देठाच्या बगलेत डोळा असतो, नवा कोंब त्यातून फुटतो. ऊस लावलेल्या घरांत हे वेगळं सांगायला नको: डोळा नसलेली कांडी कोणी लावत नाही.

नुसतं पान पाण्यात ठेवलं तर कधीकधी देठाच्या टोकाला मुळंही येतात, आणि फसगत होते ती इथेच. मुळं दिसतात म्हणून लोक खूश होतात, पण डोळाच नसल्यामुळे वेल कधीच निघत नाही. पान वर्षभर हिरवं राहील, दुसरं पान येणार नाही. दोन पेरांमधला गुळगुळीत तुकडाही तसाच निरुपयोगी.

तपासा: हातातल्या तुकड्यावर निदान एक पेर बोटाला लागतं का? डोळ्यांनी नको, नख फिरवून बघा. लागत नसेल तर कापू नका, पुढे सरका.

## टप्पा २: कापणी

कात्री स्पिरिटने पुसा. हा सोपस्कार नाही. आधीच्या रोगट फांदीचा रस पात्याला असेल तर ताज्या जखमेतून सड आत शिरते.

1. पेराच्या खाली साधारण १ ते २ सेंटिमीटर सोडून कापा. पेरावरच कापलं तर ते चिरडतं. खाली जास्त लांब शेपूट ठेवलं तर तेवढं खोड पाण्यात कुजतं.
2. प्रत्येक तुकड्यावर एक किंवा दोन पेरं आणि एक-दोन पानं ठेवा. बस्स. आठ-दहा पानांची लांबच लांब वेल बाटलीत घालायचा मोह आवरा. मुळं नसताना इतकी पानं पोसणं फांदीला झेपत नाही.
3. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घ्या. पान गळालेल्या तुकड्यात वर कुठलं आणि खाली कुठलं हे दहा मिनिटांनी आठवत नाही, आणि उलटी लावलेली फांदी रुजत नाही.
4. तुकड्यावर दोन पेरं असतील आणि खालच्या पेराला पान असेल तर ते देठासकट काढा. एकाच पेराच्या तुकड्याचं पान राहू द्या.
5. आईवेलीवर कुंडीजवळ दोन-तीन पेरं राहू द्या. तिथून ती पुन्हा फुटेल.

काप अर्धा-एक तास सावलीत सुकू द्या. मातीत लावायच्या फांदीला हे आवश्यक, पाण्यातल्या फांदीला नाही केलं तरी चालतं. दालचिनी पूड, मध, कोरफडीचा गर यांपैकी काहीच लागत नाही. मुळं आणणारी पावडरही नको, ती गुलाबासाठी ठेवा.

इथे जपा: मनी प्लँट अळूच्या कुळातला आहे. अळूसारखेच याच्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चीक लागून काहींच्या हाताला खाज सुटते, आणि पान चावलं तर तोंडात आग होते. रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर छाटलेले तुकडे जमिनीवर पडू देऊ नका आणि वेल त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. काम झालं की हात धुवा, तोवर डोळे चोळू नका.

## टप्पा ३: पाणी की माती, हे आत्ताच ठरवा

लोक हा निर्णय पुढे ढकलतात आणि तिथेच घोळ होतो. शेवटी झाड मातीतच वाढवायचं असेल आणि पावसाळा असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की थेट मातीत लावा. पाण्यात आलेली मुळं बारीक, ठिसूळ आणि पाण्याला सरावलेली असतात. मातीत गेल्यावर झाडाला बरीचशी मुळं नव्याने करावी लागतात. फांदी जितके जास्त दिवस पाण्यात राहील, तितका हा बदल जड जातो.

पाण्याचा मार्ग तीन प्रसंगी घ्या: हवा कोरडी असेल, फांदी कमकुवत असेल, किंवा झाड कायमचं पाण्यातच ठेवायचं असेल. पहिल्यांदाच करणाऱ्यालाही पाणी बरं, कारण आत काय चाललंय ते दिसतं. थेट मातीत लावणार असाल तर पुढचा टप्पा सोडून पाचव्याकडे जा.

## टप्पा ४: पाण्यात मुळं आणणं

पाणी साधं नळाचं चालतं. क्लोरीनचा वास येत असेल तर भांडं रात्रभर उघडं ठेवा. बोअरचं फार जड पाणी टाळा. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी तर मुळीच नको. ‘वाया जातं म्हणून झाडांना’ हा विचार चांगला, पण क्षार त्यातच एकवटलेले असतात. त्याने लादी पुसा.

बाटलीत इतकंच पाणी घाला की पेर बुडेल आणि पान कोरडं राहील. बुडालेलं पान कुजतं आणि सगळं पाणी नासवतं. बाटली पारदर्शक असेल तर उजेडामुळे आत शेवाळं धरतं. गडद काचेची घ्या, नाहीतर बाहेरून खाकी कागद गुंडाळा. ती भरपूर उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. दुपारच्या उन्हात लहान बाटलीतलं पाणी चांगलंच तापतं.

पाणी दर चार-पाच दिवसांनी बदला. नुसतं वरून भर घालू नका, ओतून टाकून नवं भरा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मुळांना तोच हवा असतो.

इथे जपा: पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरी येऊन आधी मनी प्लँटची बाटली आणि कुंडीखालची ताटली बघतात, ते उगाच नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात, त्यामुळे पाणी ओतलं तरी ती जागची हलत नाहीत. आठवड्यातून एकदा बाटली आतून ब्रशने घासा. तोंडाशी फांदीभोवती कापूस किंवा जाळीचा तुकडा बसवा.

आता काय दिसेल? पहिल्या आठवड्यात काहीच नाही. आठ-दहा दिवसांनी पेरावरच्या तपकिरी टोकाच्या पुढे पांढरा ठिपका येतो. तिथून मूळ लांबू लागतं. पावसाळ्यात दोन ते चार आठवड्यांत ते बोटाच्या दोन पेरांएवढं होतं.

तपासा: पाण्याला वास येतोय का? खोडाचं टोक बुळबुळीत, काळपट झालंय का? असेल तर फांदी फेकू नका. सडलेला भाग जिथे कडक, हिरवं खोड लागेल तिथपर्यंत कापा, बाटली साबणाने धुवा आणि उरलेल्या तुकड्यावर पेर असेल तर पुन्हा लावा. पाण्यात साखर, दूध किंवा नाणी घालून वेग वाढत नाही. साखर-दुधाने पाणी मात्र दोन दिवसांत नासतं.

कायम पाण्यातच ठेवणार असाल तर मुळं भरल्यानंतर महिन्यातून एकदा पाण्यात विरघळणाऱ्या १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या) खताची चिमूट, एका लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम, एवढंच द्या. जास्त दिलं तर शेवाळंच फोफावतं. पाण्यातल्या झाडाची पानं मातीतल्यापेक्षा लहान राहतात, त्याबद्दल तक्रार नको.

## टप्पा ५: मातीत लावणी

बाटलीतल्या फांदीसाठी योग्य वेळ एकच: मुळं ४-५ सेंटिमीटर झाली आणि त्यांना बारीक फाटे फुटू लागले की लगेच. बाटलीत मुळांचं जाळं भरेपर्यंत थांबणं म्हणजे नुकसान.

कुंडी लहानच हवी. ‘पुढे वाढणारच आहे’ म्हणून दहा इंची कुंडीत एक फांदी लावली की आजूबाजूची माती दिवसेंदिवस ओली राहते, कारण ते पाणी ओढायला मुळंच नसतात, आणि फांदी सडते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवा. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत थेट माती भरू नका. ती वापरायचीच असेल तर भोकाची प्लॅस्टिक कुंडी तिच्या आत बसवा.

एका कुंडीत चार-पाच फांद्या लावा. मनी प्लँटला आपणहून फारसे फाटे फुटत नाहीत. एका फांदीची एकच लांब दोरी होते. दुकानात दिसणारी भरगच्च कुंडी म्हणजे एकत्र लावलेल्या बऱ्याच फांद्या.

1. कुंडी काठाखाली दोन बोटं सोडून भरा, मिश्रण आधीच ओलसर असू द्या.
2. पेन्सिलीने भोक पाडा. फांदी तशीच खुपसली तर मुळं मोडतात आणि कापाची साल सोलते.
3. पेर मातीखाली दोन-तीन सेंटिमीटर जाईल अशी फांदी बसवा. पान मातीला टेकता कामा नये.
4. भोवतीची माती बोटांनी हलकी दाबा. ठोकू नका.
5. तळातून पाणी गळेपर्यंत पाणी द्या आणि ताटलीतलं पाणी ओतून टाका.

पुढचे बारा-पंधरा दिवस सगळ्यात नाजूक. पाण्यातून आलेल्या फांदीची माती या काळात पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही, ओलसर ठेवायची. नंतर हळूहळू दोन पाण्यांमधलं अंतर वाढवायचं. थेट मातीत लावलेल्या फांदीचं उलट: तिला मुळंच नाहीत, त्यामुळे माती जेमतेम ओली पुरते, जास्त ओल म्हणजे सड. हवा कोरडी असेल तर कुंडीवर चार भोकं पाडलेली पारदर्शक पिशवी सैल घाला आणि ती उन्हात ठेवू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पिशवी घातलीत तर बुरशीला आमंत्रण.

सुरुवातीचे तीन-चार दिवस पान थोडं लुळं पडलं तर घाबरू नका. एखादं जुनं पान पिवळं होऊन गळलं तरी खोड हिरवं आणि टणक असेपर्यंत सगळं ठीक.

तपासा, पण उपटून नको. मुळं आली का बघायला फांदी ओढणाऱ्यांची संख्या मोठी आहे. नुकतं फुटलेलं मूळ त्याच झटक्यात तुटतं. तीन ते सहा आठवड्यांत डोळ्यातून गुंडाळलेलं नवं पान डोकं वर काढेल. तीच पावती. तोवर खत नाही, कुंडी बदलणं नाही, रोज जागा हलवणं नाही.

## टप्पा ६: लागलेल्या वेलीची निगा

पाणी. वार ठरवून पाणी देण्यातच बहुतेक मनी प्लँट मरतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर तळातून गळेपर्यंत द्या. पावसाळ्यात हे अंतर आठ-दहा दिवसांचं होऊ शकतं, एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांचं. पानं लोंबलेली दिसली की हात लगेच तांब्याकडे जातो, पण तहानेनेही पानं लोंबतात आणि मुळं सडल्यावरही. कुंडी उचलून बघा. हलकी असेल तर तहान. जड असूनही पानं लोंबत असतील तर पाणी थांबवा, कुंडीतून गोळा बाहेर काढा आणि मऊ, तपकिरी मुळं कापून कोरड्या मिश्रणात लावा.

उजेड. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या ग्रिलमध्ये दुपारचं ऊन थेट पडत असेल तर पानांवर फिकट, कागदासारखे डाग पडतात. अंधाऱ्या कोपऱ्यात झाड मरत नाही, पण दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि नक्षी पुसत जाते, कारण पांढऱ्या-पिवळ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं आणि कमी उजेडात ती चैन झाडाला परवडत नाही. जास्त पांढऱ्या जाती म्हणूनच हळू वाढतात. त्यांच्याकडून हिरव्या वेलीच्या वेगाची अपेक्षा नको.

खत. लावल्यावर दोन महिन्यांनी सुरू करा. मार्च ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा १९:१९:१९, लिटरला एक ग्रॅम, ओल्या मातीवर. किंवा दीड-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत. थंडीत काही नाही. दूध-साखरेच्या चहाचा चोथा न धुता घातला की मुंग्या, बुरशी आणि मातीवर घोंघावणारी चिलटं तिन्ही येतात.

आकार. वेल खाली सोडली की पुढची पानं लहान होत जातात. ओल्या काठीवर, भिंतीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर चढली की मोठी होतात. बागेत आंब्यावर चढलेल्या मनी प्लँटची सुपाएवढी पानं पाहून ‘ही वेगळी जात’ म्हणतात, पण जात तीच असते. मॉसची (वाळलेलं शेवाळ गुंडाळलेली) काठी लावणार असाल तर ती ओली ठेवा. कोरड्या काठीला हवाई मुळं धरत नाहीत आणि काठी नुसती शोभेची राहते. वेल मधूनच बोडकी झाली असेल तर कुंडीपासून दोन-तीन पेरांवर छाटा आणि कापलेले तुकडे त्याच कुंडीत खोचा.

कीड. देठाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा आणि आठवड्याने पुन्हा बघा, एका फेरीत तो संपत नाही. पसरला असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार थेंब हलवून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा.

## फांदी दुसऱ्या गावी पाठवायची असेल तर

पेराभोवती ओला, पिळलेला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा रबराने बांधा, पानं उघडी ठेवा. पूर्ण फांदी पिशवीत कोंबून एसटीच्या डिकीत टाकली तर उकडून निघते. अशी बांधलेली फांदी दोन-तीन दिवस सहज टिकते. पोचल्यावर ज्याच्या हाती जाईल त्याला सांगून ठेवा: खालचं टोक पेराखाली जरासं पुन्हा कापायचं, तासभर पाण्यात ठेवायचं, आणि मगच लावायचं.